कोयती, पोस्टकार्ड आणि फडताळातली पुस्तकं: राजकीय लिखाण फौजदारी खटल्यात कसं येतं

"वकीलानू, ही पुस्तकां चुलीत घालू काय?"

श्रावणातली दुपार होती. बाहेर धो धो पाऊस, आणि मी देवगड तालुक्यातल्या एका वाडीत ओटीवर बसून पंचनाम्याची प्रत वाचत होतो. विचारणारी बाई त्या मुलाची आई. मुलगा मुंबईत नोकरीला. गावात एका प्रकल्पासाठी जमिनीची मोजणी येणार असं कळलं, म्हणून त्याने फेसबुकवर लांबलचक लिहिलं. त्यात एक वाक्य होतं: "मोजणीला याल तर ध्यानात ठेवा, कोयती आमच्या कमरेलाच असते." कुणीतरी तेवढ्या वाक्याचा स्क्रीनशॉट काढून तक्रार दिली. तो गावी आलेला असताना पोलीस आले, मोबाइल नेला आणि जाता जाता फडताळातली पाच पुस्तकंही नेली. पंचनाम्यात एका पुस्तकाचं नावसुद्धा नव्हतं. नुसतं लिहिलं होतं, "लाल रंगाचे मुखपृष्ठ असलेले जुने पुस्तक, १ नग."

फडताळात राहिलेल्या पुस्तकांबद्दल ती विचारत होती. मी नको म्हटलं. का नको, ते उभ्या उभ्या जेवढं सांगता आलं तेवढं तिला सांगितलं. नीट सांगायचं राहून गेलं, ते इथे लिहितो. हल्ली प्रत्येक वाडीत कुणी ना कुणी लिहितं. व्हॉट्सॲपवर, फेसबुकवर, ग्रामसभेच्या निवेदनात. आपलं लिखाण कोर्टात पोचलं तर तिथे त्याचं नेमकं काय होतं, हे त्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं.

आपल्याकडच्या घराला पुढचं दार असतं आणि मागीलदार असतं. लिखाणही कोर्टात या दोन्हीकडून येतं. पुढच्या दाराने येतं तेव्हा सरकारी पक्षाचं म्हणणं असतं की हे लिहिणं हाच गुन्हा. मागीलदाराने येतं तेव्हा गुन्हा दुसराच असतो, दंगल, मारहाण, कट असा काही, आणि लिखाण त्याचा पुरावा म्हणून पुढे केलं जातं. लोकांना पुढच्या दाराची भीती वाटते. इतकी वर्षं कागदपत्रं वाचल्यावर मला मागीलदाराची जास्त काळजी वाटते.

पण आधी पुढचं दार. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. जुनं कलम १२४अ, म्हणजे राजद्रोह, सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२२ रोजी स्थगित ठेवलं होतं. नव्या संहितेत 'राजद्रोह' हा शब्द नाही, पण कलम १५२ आहे. फुटीरपणा, सशस्त्र बंड किंवा विध्वंसक कारवायांना शब्दांनी, लेखनाने, चित्राने किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून जाणूनबुजून चिथावणी देणं हा गुन्हा, आणि शिक्षा जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत कैद. सरकारच्या धोरणावर टीका करून ते कायदेशीर मार्गाने बदलायला लावणं हा गुन्हा नव्हे, असा खुलासा त्याच कलमाखाली छापलेला आहे. कलम वाचताना लोक तो खुलासा सोडून देतात. तो आधी वाचावा.

रोजच्या व्यवहारात जास्त लागतात ती दुसरी कलमं. १९६ म्हणजे धर्म, जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून गटागटांत वैर पसरवणं (जुनं १५३अ). २९९ म्हणजे जाणूनबुजून धार्मिक भावना दुखावणं (जुनं २९५अ). ३५३ म्हणजे लोकांत घबराट पसरवणारा मजकूर किंवा अफवा (जुनं ५०५). आणि धमकीचं ३५१. त्या मुलावर ३५१ आणि ३५३ लावली होती.

कलम लागलं म्हणजे गुन्हा झाला, असं नाही. १९६२ साली केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारवर कितीही कडक शब्दांत टीका असली तरी तो राजद्रोह नव्हे. हिंसेला किंवा सार्वजनिक गोंधळाला चिथावणी देण्याचा हेतू किंवा तसा कल त्या शब्दांत दिसला पाहिजे. इंदिरा गांधींच्या हत्येच्या दिवशी दोघांनी घोषणा दिल्या होत्या, त्या घोषणांनी कुणी पेटलं नाही, काही घडलं नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं.

यातला सर्वांत उपयोगी धडा आपल्याच किनाऱ्यावरचा आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये, पालघर अजून ठाणे जिल्ह्यात होतं तेव्हा, बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद झाली. या बंदवर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला आणि तिच्या मैत्रिणीने ते 'लाइक' केलं. दोघींना अटक झाली. त्यावरून देशभर काहूर उठलं, एका कायद्याच्या विद्यार्थिनीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, ऑनलाइन मजकुराला शिक्षा सांगणारं कलम ६६अ रद्द झालं. श्रेया सिंघल नावाने ओळखला जातो तो हाच निकाल. त्यात न्यायालयाने तीन पायऱ्या सांगितल्या: चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी. एखाद्या मताची चर्चा करता येते. ते मत कितीही लोकांना न आवडणारं असलं तरी त्याचा हिरिरीने पुरस्कारही करता येतो. कायद्याचा हात पोचतो तो तिसऱ्या पायरीवर.

मग कोयतीचं वाक्य कुठल्या पायरीवर? इथे प्रश्न येतो की ते कुणाच्या डोळ्यांनी वाचायचं. १९४६ साली नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी कसोटी घालून दिली. शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर, धीट माणसाच्या मापाने मोजायचा. कमकुवत, डळमळीत मनाच्या, किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या मापाने नाही. स्वातंत्र्याच्या आधीचं हे वाक्य आजही कोर्टात चालतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाने व्हॉट्सॲप स्टेटसवर ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस असल्याचं लिहिलं आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला शुभेच्छा दिल्या, म्हणून १५३अ लागलं होतं. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी लावून तो गुन्हा रद्द केला. वर्षभराने, मार्च २०२५ मध्ये, खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा एका कवितेबद्दलचा गुन्हाही रद्द झाला. त्या वेळी न्यायालयाने पोलिसांना सांगितलं की तीन ते सात वर्षं शिक्षेच्या अशा प्रकरणात गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करणं उचित. म्हणजे काय, तर आधी मजकूर नीट वाचा.

वाचायचा तोही सगळा. महाराष्ट्रात एका इतिहासविषयक इंग्रजी पुस्तकाच्या निमित्ताने मोठा वाद झाला होता. त्या प्रकरणात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की लिखाण संपूर्ण वाचलं पाहिजे. इथलं एक कडक वाक्य, तिथलं एक, असं उचलून जोडून आरोप सिद्ध करता येत नाही. त्या मुलाच्या मजकुरात कोयतीच्या वाक्याखालीच लिहिलं होतं, "आम्ही ग्रामसभेत ठराव करू, कोर्टात जाऊ, मोजणी अडवू ती कागदाने." स्क्रीनशॉटमध्ये हे आलं नव्हतं.

आता रत्नागिरीला जाऊ. तिथल्या टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान आहे. शाळेच्या सहली येतात, पाळणा-फोटो बघून जातात. त्याच टिळकांवर चाललेले खटले म्हणजे या विषयाची पहिली शाळा आहे, ते मात्र त्या मुलांना फारसं कुणी सांगत नाही.

राजद्रोहाचा पहिला खटला १८९७ चा. 'केसरी'च्या १५ जूनच्या अंकात शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता होती आणि शिवाजी उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत होता. अफजलखानाचा वध योग्य की अयोग्य, अशी त्यात चर्चा. आठवड्याभराने, २२ जूनला, पुण्यात प्लेगचा अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या हत्येत टिळकांचा हात असल्याचा आरोप त्या खटल्यात नव्हता. आरोप होता तो लिखाणाचा, पण ते वाचताना प्रत्येकाच्या कानात गोळीचा आवाज होता. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला राजद्रोहाच्या कलमातल्या 'अप्रीती'चा अर्थ सांगितला: प्रीतीचा अभाव. सरकारवर प्रेम नसणं म्हणजेच अप्रीती. सहा युरोपियन ज्युरर दोषी म्हणाले, तीन भारतीय निर्दोष म्हणाले. शिक्षा अठरा महिने सक्तमजुरी.

दुसरा खटला १९०८ चा. मुझफ्फरपूरला बाँब पडला आणि 'केसरी'त 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे अग्रलेख आले. टिळकांचं म्हणणं असं होतं की बाँब वाईटच, पण दडपशाहीने तो थांबणार नाही. सरकारी पक्षाने त्यात बाँबची तरफदारी वाचली. नऊ जणांच्या ज्युरीत सात युरोपियन होते आणि लेख मराठी. म्हणजे माणसाला सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा द्यायची की नाही, हे ठरवलं गेलं ते भाषांतरावर. टिळकांनी स्वतः बाजू मांडली. सरकारी भाषांतरात शब्द कसे चुकलेत, मराठीत त्या शब्दांची धार किती, हे सांगण्यात त्यांचा बराच वेळ गेला. सात विरुद्ध दोन असा कौल झाला, टिळक मंडालेला गेले.

या खटल्यातली एक वस्तू माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. टिळकांच्या घराच्या झडतीत एक पोस्टकार्ड सापडलं होतं. त्यावर स्फोटकांवरच्या पुस्तकांची नावं लिहिलेली. टिळकांनी सांगितलं की स्फोटकांचा नवा कायदा येत होता, त्यावर लिहायचं म्हणून नावं टिपली होती. संपादकाच्या टेबलावर असं टिपण असणारच. पण सरकारी पक्षाला ते कार्ड हवं होतं. गुन्हा म्हणून नव्हे, कारण पुस्तकाचं नाव लिहून ठेवणं गुन्हा नव्हताच. लेखांमागे मन कसलं होतं ते दाखवायला हवं होतं. लेख पुढच्या दाराने आले आणि पोस्टकार्ड मागीलदाराने. १९०८ चं ते कार्ड आणि आमच्या पंचनाम्यातलं "लाल मुखपृष्ठ, १ नग" यांत मला काही फरक दिसत नाही.

त्याच १९०८ साली 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे, मूळचे महाडचे, तेही १९ महिन्यांसाठी तुरुंगात गेले. त्यांची लेखणी वक्रोक्तीची. वर स्तुती, आत टोला. तिथे तर शब्दाचा अर्थ काय, याआधी लिहिणाऱ्याच्या मनात काय, हेच कोर्टाला ठरवावं लागतं.

मागीलदाराचा कायदा असा. भारतीय साक्ष अधिनियमात कलम ६ आहे: हेतू, तयारी आणि वर्तन दाखवणाऱ्या गोष्टी पुराव्यात येतात. कलम १२: मनाची अवस्था, म्हणजे इरादा, ज्ञान, वैरभाव दाखवणाऱ्या गोष्टी येतात. आणि कलम ८: कटाचा वाजवी संशय घ्यायला जागा असेल, तर कटातल्या एकाने त्या कटाच्या संदर्भात बोललेलं किंवा लिहिलेलं दुसऱ्याविरुद्धही वापरता येतं.

समजा, मोजणीच्या दिवशी गर्दी झाली, कुणीतरी दगड मारला आणि भूमापकाचं डोकं फुटलं. मुलगा त्या दिवशी मुंबईत कामावर. तरी बेकायदा जमाव, दंगल, सरकारी नोकराला इजा, कट अशी कलमं लागली, तर ते कोयतीचं वाक्य बाहेर निघणार. आता ते वाक्य गुन्हा आहे का, हा प्रश्नच उरत नाही. प्रश्न होतो, दगड मारणाऱ्याच्या आणि लिहिणाऱ्याच्या मनात एकच बेत होता का? चर्चा-पुरस्कार-चिथावणी ही पायऱ्यांची ढाल इथे तेवढी कामाला येत नाही. म्हणून मला या दाराची काळजी.

पण या दारालाही कडी आहे. त्याच अधिनियमाचं कलम ४९ म्हणतं की आरोपीने स्वतःच्या चांगल्या चारित्र्याचा पुरावा दिला नसेल, तर त्याचं वाईट चारित्र्य फौजदारी खटल्यात गैरलागू. 'हा असली पुस्तकं वाचतो, म्हणजे हा तसलाच' हे म्हणणं त्या कडीला अडकतं. लिखाण आणि घडलेली घटना यांत धागा दाखवावा लागतो: कधी लिहिलं, कुणाला उद्देशून, दगड मारणाऱ्याने ते वाचलं होतं का, तारीख, जागा, माणूस जुळतो का. बचावाच्या वकिलाने पहिल्या दिवसापासून हाच एक प्रश्न धरून ठेवावा. हा कागद नेमका कुठली गोष्ट सिद्ध करायला आणलाय?

जामिनाच्या वेळी हा प्रश्न सर्वांत जास्त टोचतो. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, म्हणजे यूएपीए, लागला की कलम ४३ड(५) आडवं येतं. आरोप प्रथमदर्शनी खरे वाटायला वाजवी कारण असेल तर जामीन नाही. पुरावा पूर्ण तपासला जातो तो खटल्यात, आणि खटला उभा राहायला वर्षं जातात. भीमा कोरेगाव प्रकरणात व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना ऑगस्ट २०१८ मध्ये अटक झाली आणि जामीन मिळाला २८ जुलै २०२३ ला. मधली वर्षं गेली ती तुरुंगात, आपल्या रायगड जिल्ह्यातल्या तळोज्याच्या कारागृहातसुद्धा. जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. हिंसेचा पुरस्कार करणारं साहित्य असलं तरी ते नुसतं जवळ बाळगणं हा त्या कायद्याच्या दहशतवादी कृत्यांच्या प्रकरणाखालचा गुन्हा ठरत नाही. आणि दुसऱ्यांकडे सापडलेल्या पत्रांत यांचा उल्लेख असेल, तर त्या पत्रांचं पुरावा म्हणून वजन कमी. हा निकाल जामिनापुरता आहे, निर्दोष सुटकेचा नाही. तरी फडताळातल्या पुस्तकांसाठी इतकं स्पष्ट बोलणं आधी क्वचितच झालं असेल.

त्या माउलीला मी नको म्हटलं त्याचं अर्धं कारण हे. उरलेलं अर्धं असं की पुस्तक जवळ असणं गुन्हा नाही, पण चौकशी चालू असताना पुरावा समजून ते जाळलं, तर पुरावा नाहीसा केल्याचा नवाच आरोप मागे लागू शकतो. फेसबुकवरचा मजकूर घाईने पुसणाऱ्यांनाही हेच सांगतो. नोटीस आल्यावर पुसू नका. उलट आख्खा मजकूर, वरच्या-खालच्या प्रतिक्रियांसह, तारखेसह जपून ठेवा. तोच तुमच्या कामाचा आहे.

पडद्यावरचा मजकूर कोर्टात जातो कसा, तेही बघू. नुसता स्क्रीनशॉट छापून लावला म्हणजे तो सिद्ध झाला, असं होत नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग, एक ते यंत्र ज्याच्या ताब्यात त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यू लिहायची. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. आतला एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलतो. मोबाइल जप्त होतो त्या घडीचा हॅश आणि प्रयोगशाळेतला हॅश जुळला, तर मधे कुणी हात लावलेला नाही. म्हणून जप्तीच्या वेळी मोबाइल बंद करून सील केला का, पाकिटावर पंचांच्या सह्या आहेत का, हॅश लिहिला का, झडतीचं चित्रीकरण झालं का, हे बघायचं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, झडती-जप्तीचं चित्रीकरण आता बंधनकारक आहे. आमच्या पंचनाम्यात "निळ्या रंगाचा मोबाइल, स्क्रीनला तडा" एवढंच होतं, हॅश नव्हता.

आणखी एक कुलूप असतं, ते लोकांना माहीत नसतं. १५२, १९६, २९९, ३५३(१) अशा गुन्ह्यांची दखल सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यायालय घेऊ शकत नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २१७. मात्र गुन्हा नोंदवायला, मोबाइल न्यायला, अटक करायला ही मंजुरी लागत नाही. कुलूप आहे ते आतल्या खोलीला. अंगणात माणसं शिरतातच.

आता भाषांतर, जे टिळकांना नडलं. आपल्या तालुक्याच्या कोर्टात कामकाज मराठीत चालतं, पण उच्च न्यायालयात कागद इंग्रजीत करून द्यावे लागतात. आपली राजकीय मराठी तर सगळी लढाईची. निवडणुकीचं रणशिंग फुंकलं जातं, मोर्चे धडकतात, विरोधकांचा धुव्वा उडतो. कुणी जखमी होत नाही. मालवणीत तर जिवाभावाच्या माणसालाच 'मेल्या' म्हणतात. हे शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत गेलं तर वाचणाऱ्याला घाम फुटेल. कोयतीचंही तेच झालं. तक्रारीसोबतच्या भाषांतरात तिचं 'धारदार हत्यार' झालं होतं.

१८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची प्रकरणं मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, त्यामुळे गुन्हा रद्द करण्याचा अर्ज आम्ही तिथे केला. अर्जाला पूर्ण मजकूर जोडला, कागदाने मोजणी अडवू या वाक्यासकट. भाषांतराखाली एक टीप घातली. ती त्या मुलाच्या बापाने तोंडी सांगितली, मी लिहून घेतली: "कोयती हे अवजार कोकणातला शेतकरी कमरेच्या आकडीत अडकवून रोज बाळगतो. कवळ तोडायला, शहाळं फोडायला, वाटेत आलेली करवंदीची जाळी छाटायला ती लागते." सोबत फोटो लावला. त्याची स्वतःची कोयती, तीस वर्षं वापरून मूठ गुळगुळीत झालेली, शेजारी अंदाजाला एक सोललेला नारळ ठेवलेला.

अर्ज अजून सुनावणीला यायचा आहे. मोबाइल मुद्देमालात आहे. उरलेली पुस्तकं फडताळात आहेत. पावसात भिंतीला ओल आली म्हणून त्याच्या आईने ती वरच्या खणात हलवली, आणि हलवली असं मला फोन करून सांगितलं.